ज्या गावात कोणी विचारत नाही

जालना जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "तिकडे काय आहे बघण्यासारखं?" पूर्वी मी मोसंबीच्या बागा, राजूरचा गणपती असं काहीबाही सांगून वेळ मारून नेत असे. या वेळी तोंडातून निघालं, "एक दगड आहे," आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. म्हणून सगळं लिहूनच काढतो. तोंडी सांगायला गेलो की बायको म्हणते, तुम्ही रंगवून सांगता.

जालना, मस्तगड

आमचं पुण्यात एक छोटं ख्रिस्ती मासिक आहे. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी त्यात फिरस्तीचं लिहितो. भाद्रपदात आमच्या संपादकबाईंनी हुकूम सोडला, की आजच्या दिवसांत सुवार्ता सांगणारी माणसं नेमकं काम कसं करतात ते मराठवाड्यात जाऊन बघून या. सुवार्ता म्हणजे येशूची गोष्ट दुसऱ्याला सांगणं. आपला धर्म सांगायची मोकळीक राज्यघटनेनं सगळ्यांना दिलेली आहे, पण गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगायला लागलं की हल्ली चार मोबाईल वर होतात. मी जन्मानं ख्रिस्ती. पण शेजाऱ्यांच्या दारी नाताळची करंजी नेऊन देण्यापलीकडे माझी मजल कधी गेलेली नाही, आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही. बाईंनी नेमकं मलाच का धाडलं, हे त्याच जाणोत.

जालन्यात आशिष नावाच्या तरुण पाळकाकडे उतरलो. मस्तगडात प्लास्टिकच्या बादल्यांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर त्याची खोली. भिंतींना जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या, खिडकीलाही गोधडी. मला वाटलं, गरिबाला पडदे परवडत नसतील. तर ती आवाज घुमू नये म्हणून केलेली सोय होती. आशिष रोज संध्याकाळी त्या खोलीत मोबाईलपुढे बसून लाइव्ह उपदेश करतो. कुठे जात नाही, कोणाला बोलावत नाही.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून पाहिलं. खालून दुकानवाल्या चाचांनी हाक दिली, "पास्टर, अजान हो जाने दो, फिर शुरू करो," आणि आशिष शहाण्यासारखा हात बांधून थांबला. अजान संपली तसा तो मोबाईलच्या काळ्या काचेकडे बघून म्हणाला, "तुम्ही आत्ता रडताय. दार लावून घेतलंय, घरात कोणाला माहीत नाही. तुमच्याशीच बोलून राह्यलो मी." खोलीत आम्ही दोघंच होतो. काचेवर खालून एक ओळ सरकत वर आली: 'तुम्हाला कसं कळलं?'

आशिषनं मात्र पाणी पिऊन पुढचं वाक्य घेतलं.

"कोण होतं ते?" मी नंतर विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "रोज कोणी ना कोणी रडतच असतं काका."

जेवताना तो म्हणाला, "खरं बघायचं तर भोकरदनला जा. आमचे दाविद गुरुजी आहेत तिथं. ते तर काही सांगतच न्हाईत. नुसते बसतात." मग त्यानं सांगितलं की दसऱ्याला गुरुजींचा मुलगा त्यांना संभाजीनगरला कायमचा घेऊन जाणार आहे. गुडघे गेलेत, बसमध्ये चढवत नाही. "जायच्या आधी एका माणसानं तरी आपल्याला येशूबद्दल विचारावं, एवढीच इच्छा आहे त्यांची. बघा, तुम्ही गेल्यावर काही होतं का."

भोकरदन

दाविद गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला पेन, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पोरगाही दचकावा. त्यांच्या मंडळींनी, मार्थाबाईंनी, बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. पुण्यात आम्ही ठेचा बोटाच्या टोकानं चाटतो. इथे गुरुजींनी भाकरीएवढा घेतला म्हणून मीही मर्दासारखा घेतला, आणि नंतरचा बराच वेळ न्हाणीघरात चूळ भरण्यात गेला. मार्थाबाई दाराबाहेरून "गूळ देऊ का?" असं विचारत होत्या आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

तोंड ताळ्यावर आल्यावर गुरुजींना त्यांची पद्धत विचारली.

"निवृत्त झालो तेव्हा मीही गावोगाव जायचो," ते म्हणाले. "पेटी घेऊन. गाणं म्हणायचं, मग उपदेश. एका गावात पोरं आली, मोबाईल धरले तोंडासमोर. मारलं नाही, शिवी नाही. एवढंच विचारलं, 'तुम्हाला कोणी बोलावलं व्हतं का?' मी घरी आलो आणि रात्रभर तोच विचार. बरोबर विचारलं होतं पोरांनी. कोणीच बोलावलं नव्हतं."

तेव्हापासून त्यांनी ठरवलं की विचारल्याशिवाय सांगायचं नाही. ओळखपाळख नसलेलं एक गाव निवडलं आणि दर मंगळवारी तिथल्या पाराजवळ जाऊन बसायला लागले. पहिल्याच दिवशी लोकांना सांगून टाकलं, मी ख्रिस्ती आहे, माझ्यापाशी एक गोष्ट आहे, कोणी विचारली तर सांगेन, नाही विचारली तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. त्याला आता बरीच वर्षं झाली.

"कोणीच विचारलं नाही?"

"एकानं विचारलं होतं. सुरुवातीलाच. किसनराव म्हणून होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, छान ऐकलं. मग ते वारले. त्यानंतर कोणी नाही." गुरुजींनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. "माणसं फार चांगली आहेत हो. चहा आणतात, बसतात, सुखदुःख सांगतात. पण विचारत नाहीत. एकानं जरी विचारलं ना, तर मी आनंदानं जाईन संभाजीनगरला."

शिकलेला, मानी माणूस, आणि हे बोलताना डोळ्यांत पाणी. मला त्यांची कीव आली आणि जरा हेवाही वाटला.

पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मंगळवारी सकाळी एसटीनं पिंपळगाव रेणुकाईला उतरलो. तिथे मिरचीचा मोठा बाजार आहे. अड्ड्यावर हिरव्या मिरचीचे ढीग, पोती शिवणारे हमाल, ट्रकच्या रांगा, आणि हवेत असा तिखट वास की उतरल्या उतरल्या शिंका सुरू झाल्या. गुरुजी शांतपणे नाकाला रुमाल लावून उभे. रेणुकादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. मग एका ॲपे रिक्षात कोंबून घेतलं आम्हाला, आणि मका-कपाशीतून हेलकावे खात गावात पोचलो.

पार म्हणजे कडुनिंबाभोवती बांधलेला सिमेंटचा कट्टा. त्याच्या बाजूला जमिनीत रुतलेला एक सपाट काळा दगड, गुरुजींची बसायची जागा. दगडावर हळदीकुंकू होतं आणि झेंडूची दोन फुलं. गुरुजींनी फुलं उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवली, रुमालानं कुंकू पुसलं आणि बसले. "कोणीतरी पोरं करतात," म्हणाले. पोरं झेंडूची फुलं इतकी नीट ठेवत नाहीत, असं मला वाटलं, पण मी बोललो नाही.

पितृपंधरवडा चालू होता. घराघरांच्या पत्र्यांवर, गच्च्यांवर पितरांचे घास ठेवलेले आणि गावभर कावळेच कावळे. भादव्यातलं ऊन चांगलंच चावत होतं.

माणसं येऊ लागली. "राम राम गुरुजी." "चहा आणलाय." "यंदा कपाशीला बोंडं बरी हायेत." "पाव्हणे पुण्याकडले दिसतात." "पाव्हण्यायला ऊन लागून राह्यलं, सावलीत सरका." मी माना डोलावत होतो. गप्पा कशा छान रंगल्या होत्या. तरी काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, जेवणात मीठ कमी असावं आणि पहिल्या घासाला लक्षात येऊ नये तसं.

मग लक्षात आलं. कोणी काही विचारतच नव्हतं. खेड्यात नवा माणूस आला की कुठले, कोणाचे, पोरं किती, पगार किती, एवढं विचारल्याशिवाय कोणी चहाचा कप हातात देत नाही. इथे सगळे नुसतं सांगत होते. 'कसे आहात' एवढंसुद्धा कोणाच्या तोंडून निघालं नाही. एक छोटी मुलगी गुरुजींच्या चष्म्याकडे बोट दाखवून "गुरुजी, तुमी कामून..." म्हणाली, कामून म्हणजे का, आणि तिच्या आईनं इतक्या झटक्यात तिच्या तोंडावर हात दाबला की पोरगी कळवळली.

मी सहज म्हणालो, "गुरुजी, किती वाजले?"

पारावरचं सगळं बोलणं थांबलं. हातातले कप हातात राहिले. एक म्हातारा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी विजेच्या उघड्या तारेला हात लावलाय. गुरुजींनी घड्याळ बघून वेळ सांगितली. काही झालं नाही. मग कोणीतरी खाकरलं आणि कपाशीचा विषय परत सुरू झाला. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो.

रामभाऊंच्या घरी

दुपारी रामभाऊ म्हणून पन्नाशीचे शेतकरी आले. किसनरावांचे हे थोरले चिरंजीव. पांढरंशुभ्र धोतर, नुकतीच आंघोळ केलेली. "पाव्हणे, आज आमच्याकडं जेवन हाये. तुमी यायचं," म्हणाले. गुरुजी बसल्या जागेवरून उठत नाहीत, त्यांचा डबा असतो. "जा तुम्ही," ते म्हणाले. "चांगली माणसं आहेत."

घर नवं होतं, स्लॅबचं, चकचकीत फरशीचं. माझ्यासाठी पाट, भोवती रांगोळी. ताटात खीर, कढी, वडे, भजी, गवारीची भाजी. पुण्यात मला पाटावर बसवून कोणी जेवू घातल्याचं आठवत नाही, त्यामुळे मी खूश झालो. रामभाऊ आणि त्यांची बायको हात जोडून समोर उभे. मी पहिला घास घेईपर्यंत दोघंही श्वास रोखून होते. घास गिळला तसे रामभाऊ खाली वाकले आणि माझ्या पायाला हात लावला.

"अहो, हे काय!"

"खा, आबा," ते हळूच म्हणाले. "गवारीची भाजी लई आवडायची तुमाला."

तेव्हा मला कळलं. आज किसनरावांची तिथी होती आणि त्यांच्या नावानं जेवायला बसलेला पितर मी होतो. आमच्याकडे ही रीत नाही. आम्ही कबरेवर फुलं ठेवतो आणि घरी येऊन आपल्याच नावानं जेवतो. तोंडात वडा तसाच राहिला. गच्चीवर कावळ्यांचा एकदम गलका झाला. वहिनी म्हणाल्या, "शिवला घास. बराबर जेवले आबा," आणि डोळ्याला पदर लावला. आता उठणं म्हणजे त्यांच्या मेलेल्या माणसाला उपाशी उठवणं. मी जेवलो.

हात धुताना रामभाऊंनी सगळं सांगितलं. आबांनी त्या दिवशी गुरुजींना विचारलं, 'सांगा तुमच्यापाशी काय हाये ते.' गुरुजींनी सांगितलं. आबा खुशीत घरी आले, चहा प्याले, विहिरीवर मोटार बंद करायला गेले आणि तिथंच बसल्या बसल्या गेले. चेहऱ्यावर हसू होतं.

"तवापासून कोनी इचारत न्हाई. इचारलं की जातंय मानूस. अन् दुसरं बी हाये सायेब. आबांमागं, गुरुजी बसतात त्या मंगळवारी गावात कोनीच मेलं न्हाई. एक बी न्हाई. गुरुजी बसल्यावर त्यो यम बी गावच्या येशीच्या आत येत न्हाई. आमी त्यायला बोललो न्हाई कधी. कुंकू लावतो, बस." त्यांनी माझा हात धरला. "तुमी त्यायला सांगा, दसऱ्याला जाऊ नका. आमचं गाव उघडं पडंल."

इतकी वर्षं गुरुजी गप्प बसून आपली गोष्ट राखत होते, आणि त्या गप्प बसण्यात गावानं आपलीच गोष्ट भरून ठेवली होती. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

इतक्यात आतल्या खोलीतून आवाज आला. "कोन जेवलं रं?"

त्या गावात कोणा गावकऱ्याच्या तोंडून ऐकलेला तो पहिला पुरा प्रश्न. वहिनींचा चेहरा उतरला. आत बाजेवर रामभाऊंची आई पडली होती, गयाबाई. पोटात गाठ. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी होळीच्या सुमाराला घरी पाठवलं होतं. अंगात हाडं आणि डोळे, बाकी काही उरलं नव्हतं. कूस बदलताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

"माय म्हन्ते मला गुरुजीकडं न्या, मला इचारायचंय," रामभाऊ दारात उभे राहून पुटपुटले. "आईला मराया नेऊ का सायेब? कोन्या लेकानं न्यावं?"

गयाबाईनं माझ्याकडं बघितलं. "तू जेवला का त्यायच्या नावानं?"

"हो," मी म्हणालो.

"पोटभर जेवला?"

"हो, आजी."

"मंग त्यायच्या जागी उभा राहून सांग याला. मला न्यायला सांग. हा लेक माझं ऐकत न्हाई, बापाचं ऐकंल."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, पण माझ्याकडे नव्हे, माझ्या जागी असलेल्या कोणाकडे तरी. मी मासिकात लिहिणारा, शिंकणारा, ठेच्याला घाबरणारा माणूस. 'नको' म्हणालो असतो तर ती बाई आणखी किती दिवस तशी पडून राहिली असती? आणि 'न्या' म्हणून मी तिच्या लेकाच्या मनात काय ठेवून जाणार होतो? मला खरंच रडू येत होतं. तिच्या डोळ्यांपुढे माझं काही चाललं नाही.

"न्या तिला," मी म्हणालो.

"आबा न्या म्हनले," वहिनी कुजबुजल्या. रामभाऊंनी तोंडावर दोन्ही हात घेतले आणि मग निमूट बाजेच्या डोक्याकडे जाऊन वाकले.

दगडापाशी

चौघांनी बाज उचलली. गल्लीतून निघालो तशी बातमी पुढे धावली असावी, कारण आम्ही येण्याआधीच दारं लागत होती. कड्या, आगळ, खिडक्यांची तावदानं. पारावर कोणी उरलं नव्हतं, अर्धा चहा असलेले कप तेवढे तिथेच होते. कावळे मात्र गेले नाहीत.

गुरुजी डबा पुसत होते. बाज बघून ते उठले. "काय झालं? दवाखान्यात..."

"गुरुजी," गयाबाई म्हणाली, "तुमच्यापाशी काय हाये? सांगा मला."

मी आजपर्यंत कुठल्या माणसाचा चेहरा असा उजळलेला पाहिलेला नाही. गुरुजींचा हात छातीवर गेला. त्यांना वाटलं, देवानं ऐकलं. मी त्यांना सांगायला हवं होतं, पण माझ्याआधी तीच बोलली.

"जल्दी सांगा. तुमी सांगितलं की मी मोकळी व्हईन. आमचे मालक असेच सुटले."

गुरुजींनी रामभाऊंकडे बघितलं. रामभाऊ खाली मान घालून सगळं बोलले, आबा, मंगळवार, यम, कुंकू. गुरुजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा विझत गेला. चष्मा काढून ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"जेवल्यापासून."

ते दगडावर बसले. नेहमीचा खणखणीत आवाज पार गेला होता. "बाई, मी सांगतो त्यानं माणूस मरत नसतो."

"ते माझं मी बघते," गयाबाई म्हणाली. "तुमी सांगा."

गुरुजींनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. सांगावं तर गाव म्हणणार, यांनीच मारली. न सांगावं, तर ज्यासाठी इतकी वर्षं इथे बसले ते काय होतं? शेवटी ते बाजेजवळ सरकले, खाली जमिनीवरच बसले, आणि सांगू लागले. येशूचा एक मित्र होता, आजारी पडला, बहिणींनी निरोप पाठवला, पण येशू यायच्या आत तो मेला. चार दिवस कबरेत होता. मग येशू आला आणि त्यानं कबरेच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, आणि मेलेला माणूस चालत बाहेर आला.

"कामून उठवलं?" गयाबाई म्हणाली.

गुरुजींनी तिच्या तोंडाशी कान नेला.

"झोपला व्हता ना बिचारा? दुखनं संपलं व्हतं. मंग कामून उठवलं त्याला? परत मरावं लागलं आसंल की."

मी रविवारच्या शाळेपासून ही गोष्ट ऐकत आलोय. हे कधी कोणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मला नाही माहीत," गुरुजी म्हणाले. "बाई, खरंच नाही माहीत. पण हाक मारायच्या आधी येशू तिथं उभा राहून रडला."

"रडला?"

"हो."

"देव असून?"

"हो. सगळ्यांसमोर."

गयाबाईनं डोळे मिटले. "मंग बराबर हाये," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "आजून हाये का?"

"आहे," गुरुजी म्हणाले आणि सांगत राहिले. उन्हं कलली तरी ते सांगतच होते. वर्गात शिकवत असावेत तसं नव्हे, अगदी हळू, तिच्या उशाशी वाकून. आणि तरी बंद दारांमागे सगळं गाव उभं होतं. दाराखालच्या फटींतून पायांच्या सावल्या दिसत होत्या. कोणी हलत नव्हतं.

सांगता सांगता तिला झोप लागली. रामभाऊंनी हात तिच्या नाकापाशी धरला. श्वास चालू होता. ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

शेवटची ॲपे गाठायला आम्ही गल्लीतून निघालो, तेव्हा एक दार बोटभर उघडलं. सकाळी माझ्याकडे टवकारून बघणारा तोच म्हातारा. "गेली का?" त्यानं विचारलं.

"नाही, झोपलीय," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. त्यानं दार लावून घेतलं. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल.

परतीच्या वाटेवर गुरुजी एकदाच बोलले. "मी गप्प राहिलो की माझ्या हातून काही चुकणार नाही, असं वाटायचं मला."

पुणे

गयाबाई बुधवारी पहाटे गेली. गाठीनंच गेली, डॉक्टरांनी होळीलाच सांगितलं होतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत पुण्याला आलो. रामभाऊंनी पायाला हात लावलेला अजून जाणवतो. आमच्या संपादकबाईंना वृत्तांत हवा होता, आणि मी कोऱ्या कागदासमोर बसून होतो.

पुढच्या मंगळवारी सकाळी गुरुजींचा फोन आला. मागे कावळे ओरडत होते.

"मी गावात आलोय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मी फोन कानावर दाबला. "यायचं नाही असं ठरवलं होतं. पण न सांगता कसं तोडायचं, म्हणून आलो. इथं दगडाभोवती म्हातारी माणसं बसलीत. उजाडल्यापासून. धुतलेले कपडे घालून. काही जणांनी सोबत पाण्याचा तांब्या आणलाय. घरच्यांचा निरोप घेऊन आलेत म्हणे."

मी समोरचा कोरा कागद बाजूला सारला.

"सगळ्यांना विचारायचंय," गुरुजी म्हणाले. "मी याचीच वाट बघत होतो ना? सांगा ना, मी आता काय करू? सांगू का यांना?"

काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमध्ये मागून एका बाईचा कापरा आवाज आला. "गुरुजी, माझ्यापासून सुरू करा. माझं घरी कोनी न्हाई."

गुरुजी फोन बंद करायला विसरले असावेत. खिशात ठेवल्याची सळसळ ऐकू आली. मग ते खाली बसल्याचा, गुडघ्यांमुळे कण्हल्याचा आवाज. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"आजी," गुरुजी म्हणाले, "आधी तुम्ही मला सांगा. तुमचं नाव काय?"

पलीकडे इतकी शांतता होती की मला वाटलं, फोन कट झाला. मग त्या बाईनं नाव सांगितलं. गुरुजींनी माहेर विचारलं. तिनं माहेर सांगितलं, नदी सांगितली, नदीकाठचं चिंचेचं झाड सांगितलं, लहानपणीच गेलेल्या भावाचं नाव सांगितलं. गुरुजी विचारत होते आणि ती सांगत होती, आणि ती काही थांबेना.